रक्ताच्या उलट्यांची वीस वर्षं मोजायची, तर आधी रजिस्टर वाचायला शिका

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या रेकॉर्ड विभागाच्या दारात दोन-तीन रेसिडेंट डॉक्टर येऊन उभे राहायचे. हातात थीसिसच्या विषयाचा कागद आणि मागणी ठरलेली: "ताई, रक्ताची उलटी किंवा काळी शी म्हणून गेल्या वीस वर्षांत किती पेशंट ॲडमिट झाले, तेवढी यादी काढून द्या ना." त्यांना वाटायचं, कॉम्प्युटरला कोड, म्हणजे प्रत्येक आजाराला दिलेला ठरावीक क्रमांक, घातला की यादी येईल, यादीचा आलेख होईल आणि आलेखावरून निष्कर्ष निघेल.

एका वर्षी मी तशी यादी काढून दिली. आलेख पाहून सगळेच चमकले. एका वर्षात आकडा जवळजवळ दुप्पट! मीटिंगमध्ये चर्चा सुरू झाली, दारू वाढली का, दुखण्याच्या गोळ्या वाढल्या का. मला चैन पडेना. दोन दिवस रजिस्टरं चाळली तेव्हा उलगडा झाला. शहरात काहीच घडलं नव्हतं. त्या वर्षी जूनमध्ये कोडिंगला नवी मुलगी आली होती. ती रीतसर शिकून आलेली. केसपेपरमध्ये कुठेही 'काळी शी' दिसली की ती त्याचा कोड लावायची. तिच्या आधी ते काम माझ्याकडे होतं आणि मी डिस्चार्ज कार्डावरचं शेवटचं निदान तेवढं बघायचे. तिथे 'रक्तक्षय' लिहिलं असेल तर रक्तक्षयाचा कोड लावून मोकळी व्हायचे. वर्षानुवर्षं माझ्या हातून जे निसटत होतं ते तिने पकडलं. मला ते फार लागलं. तेव्हापासून यादी मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी खुर्ची देते आणि पुढचं सगळं सांगते. पुण्यातल्या पेठेतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं, आता निवृत्त आहे, पण फोन अजून येतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

तीन ढीग आधी वेगळे करा

अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग, एवढ्या टापूत कुठेही रक्त सुटलं की त्याला डॉक्टर 'अप्पर जीआय ब्लीड' म्हणतात. लाल रक्ताची उलटी होते, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी होते, किंवा रक्त आतड्यातून जाताना बदलून डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी होते. घरात कोणाला असं झालं तर रात्र असली तरी १०८ ला फोन करून कॅज्युअल्टी गाठा, सकाळची वाट बघू नका.

मोजणाऱ्याने पहिल्याच दिवशी तीन ढीग करायचे. पहिला, रक्तस्राव झाला म्हणूनच दाखल झालेले. दुसरा, दुसऱ्या आजारासाठी दाखल होते आणि वॉर्डात किंवा आयसीयूत रक्तस्राव सुरू झाला असे. तिसरा, रक्तस्राव मागेच होऊन गेला, आता फक्त ठरल्या तारखेला प्रोसिजरसाठी आलेले.

दुसरा ढीग पहिल्यात मिसळला की काय होतं, हे इंग्लंडच्या पाहणीतून चांगलं कळतं. १९९३ साली तिथल्या चार आरोग्य विभागांत मोठी मोजणी झाली. एकूण मृत्यूचं प्रमाण १४ टक्के निघालं. पण रक्तस्रावासाठी दाखल झालेल्यांत ते ११ टक्के होतं आणि आधीपासून रुग्णालयात असलेल्यांत ३३ टक्के. २००७ साली सगळ्या ब्रिटनभर दोन महिने मोजलं तेव्हा एकूण १० टक्के, दाखल होणाऱ्यांत ७ आणि आत असलेल्यांत २६. ढीग वेगळे ठेवले होते म्हणून दोन्हींकडे सुधारणा झाली हे दिसलं. तुमच्या रुग्णालयात मधल्या काळात दहा खाटांचं आयसीयू वाढलं असेल आणि ढीग एकत्र असतील, तर उपचार सुधारूनही मृत्यू वाढलेले दिसतील.

तिसरा ढीग तर हमखास फसवतो. सिरोसिसने यकृत घट्ट झालं की यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगतात. एखादी फुटली की भळाभळा रक्त येतं. मग एंडोस्कोपीतून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, त्या शिरांना रबर बँड लावतात, आणि शिरा पुरत्या बसेपर्यंत पेशंटला दर दोन ते चार आठवड्यांनी परत बोलावतात. प्रत्येक वेळी नवा इनडोअर नंबर, म्हणजे दाखल झाल्याचा क्रमांक, पडतो. कोड लावणाऱ्याने जुनं निदान पाहून तोच कोड लावला तर एका माणसाचा एकच रक्तस्राव यादीत चार-पाच वेळा येतो. यकृताच्या पेशंटांची लाट आली असं वाटतं, आणि प्रत्यक्षात बँडिंगची सोय झालेली असते.

कोडची चाळणी

कोडचं थोडक्यात सांगते, कारण हे पुस्तकात मिळतं. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत के९२.० म्हणजे रक्ताची उलटी, के९२.१ काळी शी, के९२.२ नेमकं कुठून ते न कळलेला रक्तस्राव. के२५ ते के२८ हे अल्सरचे, म्हणजे जठर-आतड्यातल्या जखमेचे. त्यांत दशांशानंतर ०, २, ४ किंवा ६ असेल तरच रक्तस्राव धरा, नुसता के२५ घेऊ नका. के२९.० म्हणजे रक्तस्रावासह जठराची सूज, के२२.६ म्हणजे जोरात ओकाऱ्या होऊन अन्ननलिकेच्या खाली पडलेली चीर. शिरा फुटण्याचा आय८५.०, आणि सिरोसिससारख्या आजाराबरोबर असेल तर आय९८.३. हा शेवटचा कोड पुष्कळ जण विसरतात आणि मग सिरोसिसचे पेशंट गळतात. जुन्या वर्षांना आयसीडी-९ ही आधीची यादी असेल तर ५३१ ते ५३४, ५७८ आणि ४५६ या आकड्यांकडे बघा. एका पद्धतीतून दुसरीत गेलात ते वर्ष आलेखावर उभ्या रेघेने दाखवाच.

आता यादीत जे येत नाही त्याच्या मागे लागायचं. रक्तक्षय, चक्कर, शुद्ध हरपणं, सिरोसिस या निदानांखाली दाखल झालेल्यांचे कागदही उघडायचे. सगळे उघडणं जमणार नाही. प्रत्येक वर्षातले ठरावीक, म्हणजे दर दहावा केसपेपर घ्या, आणि कितीमध्ये रक्तस्राव लपला होता ते बघा. ते प्रमाण सगळ्या वर्षांत सारखं असेल तर आलेख थोडा खाली बसलेला असतो इतकंच, चढ-उतार तरी खरा असतो. प्रमाण बदलत गेलं असेल तर आधी ते दुरुस्त करा.

सिस्टरांच्या नोंदी वाचा

एक केसपेपर मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. भोर तालुक्यातली साठीची बाई. पहिल्या पानावर तक्रार: चक्कर, अशक्तपणा, तीन दिवस. डिस्चार्ज कार्डावर निदान: तीव्र रक्तक्षय. मधल्या पानांत रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्याची नोंद. कोड रक्तक्षयाचा, आणि तोही मीच लावलेला. पण शेवटच्या पानांत रात्रपाळीच्या सिस्टरने निळ्या शाईत लिहिलं होतं: "पहाटे २.४०. शी काळी, पातळ, चिकट, वास उग्र. डॉक्टरांना कळवले. नाडी ११८. पेशंट सांगते, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या दोन महिने रोज दोन, उपाशीपोटी." बाईंनी घरच्यांच्या आग्रहावरून एंडोस्कोपी न करता सुट्टी घेतली होती. दुखण्याच्या अशा गोळ्यांनी जठरात अल्सर होतो, पण तो कुठेच लिहिला गेला नाही. या बाईंच्या आजाराचं कारण त्या चार ओळींखेरीज अख्ख्या फाइलमध्ये नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: या आजारात सिस्टरांच्या नोंदी हा सगळ्यांत भरवशाचा कागद. डॉक्टर निदान लिहितात, सिस्टर जे डोळ्यांनी बघितलं ते लिहिते, आणि घड्याळ बघून लिहिते. केसपेपर मागून पुढे वाचायची सवय लावा. मात्र 'काळी शी' दिसली की लगेच खूण करू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते. ती चिकट नसते, तिला तो वास नसतो. गोळ्यांचा तक्ता पाहूनच ठरवा.

मग दुसऱ्या रजिस्टरांशी ताडून बघायचं. एंडोस्कोपीचं रजिस्टर बहुधा त्याच खोलीत, टेक्निशियनच्या कपाटात असतं. मुख्य रेकॉर्डमध्ये ते येतच नाही. कॅज्युअल्टीचं रजिस्टर आणि मृत्यूचं रजिस्टर घ्या. काही पेशंट दाखल होण्याआधीच, कॅज्युअल्टीतच जातात, त्यांना इनडोअर नंबर पडत नाही. आणि रक्तपेढीचं वाटप रजिस्टर घ्या, पण जरा जपून. पिशव्यांच्या संख्येवरून रक्तस्राव मोजण्याचा मोह होतो. २०१३ साली बार्सिलोनाच्या एका रुग्णालयातली ९२१ पेशंटांची चाचणी प्रसिद्ध झाली. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांपैकी सहा आठवड्यांनी ९५ टक्के जिवंत होते, आणि ९ च्या खाली गेल्यावर दिलेल्यांपैकी ९१ टक्के. त्यानंतर हात आखडता घेऊन रक्त द्यायची रीत पडत गेली. त्यामुळे पिशव्या कमी झाल्या म्हणजे रक्तस्राव कमी झाले, असं म्हणता येत नाही.

जुने कागद मिळतीलच असं नाही, हेही आधीच धरून चाला. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार इनडोअर पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. त्यापुढे ज्याच्या त्याच्या जागेवर अवलंबून. आमच्याकडे लाल कापडात गाठ मारून ठेवलेले गठ्ठे होते. पेशवे दफ्तरातल्यासारखे आम्हीही त्यांना रुमालच म्हणायचो. काहींना कसर लागलेली. २०१९ च्या सप्टेंबरात आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा तळघरातला खालचा रॅक भिजला. पंख्याखाली चादरी अंथरून आम्ही पानं वाळवली, तरी काही महिन्यांचे कागद गेलेच. जे महिने गेले ते आलेखात रिकामे सोडायचे. शेजारच्या महिन्यांची सरासरी घालून भोक बुजवायचं नाही.

माणसं मोजा, नंबर नाही

एकच बाई एका वर्षी 'सौ. सुमन', दुसऱ्या वर्षी 'सुमनबाई', तिसऱ्या वर्षी इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर बदलून. वय ४५, मग तीन वर्षांनी पुन्हा ४५. लोक वय गोल आकड्यात सांगतात, आपले क्लार्कही तसंच लिहितात. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव आणि जन्मवर्षात पाच वर्षांची ढील, एवढं जुळलं तर तो एकच माणूस धरा आणि शंका असेल तिथे पत्ता बघा. चौदा दिवसांच्या आत त्याच त्रासासाठी परत आला तर तो तोच रक्तस्राव, असा एखादा नियम ठरवा. चौदा धरा की तीस, पण सगळ्या वर्षांना तोच लावा आणि लिहून ठेवा. जुळवाजुळव झाल्यावर नावं यादीतून काढून टाका, फक्त क्रमांक ठेवा. आणि हे सगळं सुरू करण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी हातात हवी, नंतर नाही.

आपल्या दारात काय बदललं

आलेख काढण्याआधी एक लांब कागद घ्या आणि त्यावर वर्षवार लिहा: रुग्णालयात काय बदललं, बाहेर काय बदललं. हा कागद मला आलेखाइतकाच मोलाचा वाटतो. एंडोस्कोपीचं मशीन कधी आलं? त्या वर्षापासून के९२.२ घटेल आणि अल्सर नि शिरा वाढतील. आजार तोच, फक्त त्याला नाव मिळालं. रात्री एंडोस्कोपी करणारे डॉक्टर कधीपासून आहेत? ते आले की आजूबाजूची नर्सिंग होम तुमच्याकडे पेशंट पाठवू लागतात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरपासून राज्यभर, म्हणजे पुण्यातही आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. तुमचं रुग्णालय योजनेत कधी आलं, कधी बाहेर पडलं? २०१४ साली १०८ ची रुग्णवाहिका आली. वेल्हे-मुळशीचा पेशंट आधी कुठे जायचा आणि नंतर कुठे जाऊ लागला, हे फाइलमधल्या पत्त्यांवरून कळतं.

आणि २०२०. राज्यातले पहिले करोना रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले, २५ तारखेपासून देश बंद. त्या वर्षीचा खड्डा पाहून 'रक्तस्राव घटले' असं लिहू नका. लोक घरीच थांबले, उशिरा आले, काही आलेच नाहीत. २०२० आणि २०२१ वेगळ्या रंगात दाखवा आणि कल काढताना ती दोन वर्षं धरून एकदा, वगळून एकदा, असं दोन्ही करून बघा.

एक बारीक गोष्ट: रुग्णालयाचा वार्षिक अहवाल एप्रिल ते मार्च असतो, रजिस्टर जानेवारी ते डिसेंबर. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात बसवलेले मी तयार थीसिसमध्ये पाहिले आहेत.

भागायचं कशाने

पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत २५.३८ लाख होती, २०११ मध्ये ३१.२४ लाख. त्यानंतर २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली, आणि २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. शिवाय पेठेतल्या रुग्णालयात दौंडचा, जुन्नरचा, साताऱ्याचा पेशंट येतो. त्या सगळ्यांना शहराच्या लोकसंख्येने भागून 'दर लाखी' आकडा काढणं चूक आहे. एकाच रुग्णालयाच्या कागदांवरून लोकसंख्येतला दर काढायचा हट्ट सोडा. मेडिसिनच्या दर हजार तातडीच्या भरतींमागे किती, एवढं काढा. डेंग्यूच्या वर्षी खालचा, म्हणजे ज्याने भागायचं तो आकडा फुगतो हे लक्षात ठेवून तो शेजारी लिहा.

वयाचा हिशेब मात्र कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. इंग्लंडच्या त्या १९९३ च्या मोजणीत प्रौढांमध्ये वर्षाला दर लाखी १०३ रक्तस्राव होते. पण तिशीच्या आतल्यांत २३ आणि पंचाहत्तरीच्या वर ४८५. एवढा फरक असेल तर लोक म्हातारे होत गेले तरी आकडा वाढणारच. समजा, एका भागात लाख माणसं आहेत, त्यांतली दहा हजार साठीपुढची. साठीच्या आत दर लाखी ४० आणि साठीपुढे ३०० असे दर धरा. पहिल्यांत ३६, दुसऱ्यांत ३०, एकूण ६६. वीस वर्षांनी दर तेच, पण साठीपुढचे पंधरा हजार झाले. आता ३४ आणि ४५, एकूण ७९. आजार तिळभरही वाढला नाही, भरती तेरांनी वाढली. म्हणून प्रत्येक वयोगटाचा आलेख वेगळा काढा, आणि एकत्र करायचाच तर सगळ्या वर्षांना एकाच वर्षाची वयवाटणी लावून करा.

शेवटी कारणांप्रमाणे रेघा

एकच रेघ काढून थांबलात तर सगळी मेहनत वाया जाईल, कारण आत दोन प्रवाह उलट दिशांनी चाललेले असतात. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ च्या सुमारास अल्सरमागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दाखवून दिला. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. जंतू मारणारी औषधं आणि आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलसारखी औषधं यांनी अल्सरचं चित्र पालटलं. अमेरिकेत एकूण अप्पर जीआय ब्लीडचं प्रमाण २००१ मध्ये दर लाखी ७८ होतं, ते २००९ मध्ये ६१ वर आलं. उलट ब्रिटनमध्ये १९९३ च्या मोजणीत शिरा फुटलेले ४ टक्के होते, २००७ मध्ये ११ टक्के. बेरीज स्थिर दिसली तरी आत अल्सर उतरत असतो आणि यकृत चढत असतं.

म्हणून निदान चार रेघा हव्यात: अल्सर आणि जठराची सूज, फुगलेल्या शिरा, बाकीची कळलेली कारणं, आणि कारण न कळलेले. ही चौथी रेघ कधी लपवू नका. ती खाली येत असेल तर वरच्या तिन्ही थोड्या तिच्यामुळेच वाढलेल्या असतात. लहान मुलं वेगळी काढा. आपल्याकडे यकृत धड असूनही पोर्टल शीर बुजलेली मुलं येतात. चांगलं खेळतं मूल अचानक भरपूर रक्त ओकतं. ती सिरोसिसमध्ये मोडत नाहीत.

गोळ्यांचा रकाना तुम्हीच तयार करा, रजिस्टरात तो नसतो. 'औषधं चालू: नाही' असं लिहिलेलं असतं आणि आत हृदयाच्या डॉक्टरची चिठ्ठी टाचलेली असते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी आणि डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं, अशी रक्तस्राव घडवू शकणारी नावं शोधा. लोक 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणजे औषध धरत नाहीत, ती त्यांच्या चहासारखी रोजची झालेली असते. साठीपुढच्या प्रत्येक फाइलमध्ये हे बघा. आमचे कागद मी पुन्हा वाचले तेव्हा भोरच्या त्या बाईंसारख्या नोंदी मला एकामागून एक सापडत गेल्या, आणि प्रत्येकीपाशी थोडा वेळ थांबावंसं वाटलं.

आकडे लहान असतील तर तीन-तीन वर्षांची सरकती सरासरी काढा, पण खाली मूळ आकडेही छापा. मग तो लांब कागद आणि आलेख एकावर एक ठेवा. प्रत्येक उंचवट्याखाली त्या वर्षी दारात काय बदललं होतं ते बघा. ज्याला तिथे उत्तर मिळालं नाही, तोच उंचवटा घेऊन मेडिसिनच्या सरांकडे जा.

काम झालं की सगळे कागद परत रुमालात बांधा. वर चिठ्ठी लावा: कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत मोजलं, कुठले कोड घेतले, परत आलेल्यांसाठी किती दिवसांचा नियम धरला, कुठले महिने भिजले आहेत. चिठ्ठी बॉलपेनने लिहा, शाईने नको, शाई ओलीत पसरते. पुढच्या दिवाळीनंतर जो दारात येऊन उभा राहील त्याला तुम्ही थांबलात त्या पानापासून सुरू करता येईल.